उचलणं वेगळं, पेलणं वेगळं



आकाशवाणीवर मला आजवर बोलावणं आलं ते कविता वाचण्यासाठी. आज मात्र मी ट्रॅक्टरबद्दल बोलणार आहे. तेही सगळ्या ट्रॅक्टरबद्दल नाही, तर ट्रॅक्टरच्या पुढे बसवतात त्या लोडरबद्दल. तो लोडर किती वजन उचलतो, पत्रकात छापलेला आकडा नेमका कशाचा असतो, आणि त्या आकड्यावर किती विसंबावं, एवढाच आजचा विषय आहे. मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. शास्त्राशी माझी ओळख दहावीपर्यंतची. त्यामुळे मी सांगेन ते एका साध्या माणसानं विचारत विचारत, कागदावर आकडे मांडत समजून घेतलेलं आहे, असंच समजा.

हे समजून घ्यायची वेळ माझ्यावर का आली, ते आधी सांगतो.

आमच्या आपाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, ट्रॅक्टर चालवतो. २०१८ साली त्यानं आपल्या ट्रॅक्टरला पुढचा लोडर बसवून घेतला. लोडरसोबत एक चार पानी पत्रक आलं होतं, इंग्रजीत. तो ते घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामू, यात काय लिहिलंय ते सांगा की." मी वाचलं आणि सांगितलं, उचलण्याची क्षमता हजार किलो. तो खूश झाला. मीही खूश झालो. त्या ओळीच्या खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. ती मी वाचली, पण तिचा अर्थ मला लागला नाही, म्हणून मी ती त्याला सांगितलीच नाही. पुढं जे झालं त्यात माझा वाटा आहे तो एवढा.

गाळप हंगामात भाचा साखर कारखान्यावर बगॅस ओढायचं काम करायचा. बगॅस म्हणजे उसाचा रस काढल्यावर उरलेला चोथा. तो अगदी हलका असतो, म्हणून त्याच्यासाठी मोठं बकेट लावतात. भाच्याचं ते बकेट एक घनमीटरचं होतं. हंगाम संपला. पावसाळ्याच्या तोंडाला गावात एका घराच्या जोत्यात मुरूम भरायचं काम मिळालं. एक वळीव पडून गेला होता आणि मुरूम भिजलेला होता. बकेट मात्र तेच बगॅसचं. सुरुवातीला लोडरनं मुरूम उचलायला नकार दिला. तेव्हा एका गॅरेजवाल्यानं प्रेशर थोडं वाढवून दिलं. मग उचलायला लागला. संध्याकाळी उताराच्या जागेवर बकेट वर घेऊन भाचा वळत होता, आणि मागचं एक चाक जमिनीवरून उठलं. त्यानं घाबरून लिव्हर सोडला नाही, उलट बकेट झटकन खाली घेतलं, म्हणून ट्रॅक्टर परत चार चाकांवर आला. पाच-सात क्षणांचा खेळ. रात्री घरी येऊन तो गप्प बसला होता. जेवलाही नाही. आपानं विचारलं तेव्हा तो एकच वाक्य म्हणाला, "बकेट अर्धंच भरलं होतं, अम्मी."

'अर्धंच भरलं होतं' हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पत्रकात हजार किलो लिहिलेलं, बकेट अर्धं, आणि तरी ट्रॅक्टर उलटायला आला. म्हणजे चूक कुठंतरी आमच्या समजण्यात होती. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ओळखीच्या एका निवृत्त मिस्त्रीचाचांनी मापं सांगितली. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यासमोर ठेवतो.

पहिली गोष्ट अशी, की ट्रॅक्टरच्या जाहिरातीत जी 'लिफ्टिंग कपॅसिटी' असते ती मागची असते, पुढच्या लोडरची नसते. नांगर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र ज्या तीन दांड्यांना लावतो, त्या मागच्या हायड्रॉलिकची ती ताकद. हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसानं १९२६ साली या तीन सांध्यांच्या जोडणीचं पेटंट घेतलं आणि पुढं सगळ्या जगाच्या ट्रॅक्टरची घडण त्याभोवती झाली. मोठी चाकं मागे, जास्तीचं वजन मागे, ओढायचं मागून. ४५-५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला मागे दीड-दोन हजार किलोच्या घरातला आकडा लिहिलेला असतो. पुष्कळ जण तोच आकडा मनात धरून पुढं लोडर लावतात. पुढची छोटी चाकं आणि पुढचा हलका अ‍ॅक्सल मुळात दिशा देण्यासाठी केलेला असतो, ओझं वाहण्यासाठी नाही, हे लक्षात राहत नाही. पिवळ्या रंगाची ती खास लोडर यंत्रं वेगळी. त्यांचा सांगाडा आणि अ‍ॅक्सल त्याच कामासाठी घडवलेले असतात. ट्रॅक्टरला आपण ते काम नंतर शिकवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ती बारीक अक्षरातली ओळ. तिच्यात लिहिलं होतं, की हा आकडा पिनपाशी मोजलेला आहे. पिन म्हणजे लोडरचे दोन हात जिथं संपतात आणि बकेट जिथं अडकवतात ती जागा. पण माल काही पिनेवर बसत नाही. तो बकेटमध्ये, पिनेच्या पुढं, हात-दीड हात लांब असतो. एवढ्यानं काय फरक पडतो? फार पडतो. आपल्या आया-बहिणी भरलेली कळशी कमरेवर घेतात. तीच कळशी हात ताणून समोर धरायला सांगा, दोन मिनिटं धरवणार नाही. कळशी तीच, पाणी तेच, वाढलं ते फक्त अंतर.

भाच्याच्या लोडरचं गणित मांडू. हात ट्रॅक्टरला जिथं जोडले आहेत तिथून पिनेपर्यंत अंतर २.४ मीटर. मालाचा मध्य पिनेच्या पुढं साधारण ६० सेंटीमीटर. म्हणजे एकूण तीन मीटर. पिनेवर हजार किलो उचलणारा लोडर मालाच्या जागी उचलणार हजार गुणिले २.४ भागिले ३, म्हणजे ८०० किलो. दोनशे किलो नुसत्या अंतरानं खाल्ले. चांगल्या कंपन्या आपल्या तक्त्यात पिनेवरचा आकडा देतात आणि शिवाय पिनेच्या पुढचाही देतात. कुणी ५०० मिलिमीटर पुढचा देतं, कुणी ८०० मिलिमीटर पुढचा. आपण बघायचा तो हा दुसरा आकडा. मागच्या हायड्रॉलिकलाही हाच न्याय आहे. मध्य प्रदेशात बुदनी इथं केंद्र सरकारची संस्था ट्रॅक्टरच्या चाचण्या घेते. तिथंही दांड्यांच्या टोकाशी उचललेलं वजन वेगळं आणि टोकापासून ६१० मिलिमीटर मागे उचललेलं वजन वेगळं मोजतात.

बरं, या ८०० किलोत बकेटचं स्वतःचं वजनही आलं. लोखंडाचं बकेट काही फुकट उचललं जात नाही. साधं अर्ध्या घनमीटरचं बकेट १८० किलोचं असलं तर मालासाठी उरले ६२०. भाच्याचं बगॅसचं मोठं बकेट २३० किलोचं होतं. म्हणजे त्याच्या मालासाठी उरले ५७०. पत्रकातले हजार घरी येईपर्यंत ५७० झाले. बाजारातून निघालेला रुपया घरी पोचेपर्यंत जसा होतो, तसंच हे.

तिसरी गोष्ट उंचीची. जमिनीतून ढीग उपटताना लोडर जी ताकद दाखवतो ती सगळ्यात जास्त असते, आणि बहुतेक लोडरमध्ये हात पूर्ण वर गेल्यावर ती बरीच कमी होते, कारण वर जाताना जॅकचा कोन बदलत जातो. पत्रकात कधी कधी जमिनीलगतचा मोठा आकडा ठळक छापतात. म्हणून विचारायचं, हा आकडा कुठल्या उंचीचा? जमिनीलगतचा, दीड मीटरवरचा, की ट्रेलरच्या फळीवरून माल टाकताना लागणाऱ्या पूर्ण उंचीचा? आपलं काम ट्रेलर भरण्याचं असेल तर आपल्या कामाचा आकडा शेवटचा.

आता चौथी गोष्ट, जिथं गॅरेजवाल्याचा हात लागला. लोडर उचलतो ते तेलाच्या दाबावर. मिस्त्रीचाचांनी जॅकचं माप दिलं, आतला व्यास ६३ मिलिमीटर. त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण ३१ चौरस सेंटीमीटर होतं. तेलाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला १८० किलो. म्हणजे एका जॅकचा रेटा सुमारे ५,६०० किलो आणि दोन जॅकचा ११,२०० किलो. हा आकडा बघून मी चकित झालो. अकरा हजारांची ताकद आणि उचलायचे फक्त हजार? बाकीची जाते कुठं?

बाकीची जाते पहारीच्या हिशेबात. पहारीनं दगड उचलताना आपण लांब टोक धरतो आणि थोड्या जोरात मोठा दगड हलवतो. लोडरमध्ये हे उलटं असतं. जॅक हाताला सांध्याच्या अगदी जवळ रेटतो, आणि वजन असतं लांबच्या टोकाला. सांध्यापासून जॅकच्या रेषेचं अंतर २५ सेंटीमीटर, वजनाचं २४० सेंटीमीटर. म्हणजे ताकद जवळजवळ दहा पटीनं घटते. अकरा हजारांचे झाले सुमारे ११७०. त्यातून लोडरच्या हातांचं स्वतःचं वजन वजा करा, हजारावर येतो. फायदा इतकाच, की जॅक थोडा सरकला तरी बकेट झपकन वर जातं. ताकद देऊन उंची विकत घेतलेली असते.

या रचनेत एक झडप असते, रिलीफ व्हॉल्व्ह. दाब ठरल्यापेक्षा वाढला की ती उघडते आणि तेल टाकीत परत सोडते. लोडर गुरगुरतो, पण वजन उचलत नाही. चालकाला वाटतं, यंत्र कमजोर आहे. खरं तर यंत्र आपल्याला सांगत असतं की हे माझ्या कुवतीबाहेरचं आहे. आपण काय करतो? स्क्रू आवळतो. भाच्याच्या लोडरचा दाब १८० वरून २३० वर नेला गेला. हिशेब केला तर बकेटच्या जागी ८०० ऐवजी सुमारे ११०० किलो उचलायला लागला. सगळ्यांना वाटलं, तीनशे किलोंची भर पडली. पण लोडरचे हात, पिना, पाईप, पुढचा अ‍ॅक्सल, टायर यांपैकी कशाचीच ताकद तीनशे किलोंनी वाढली नव्हती. वाढली होती फक्त संकटात शिरायची सोय.

पाचवी गोष्ट मालाच्या वजनाची. 'अर्धंच भरलं होतं' याचं उत्तर इथं आहे. बगॅस एक घनमीटर भरलं तर वजन होतं जेमतेम सव्वाशे-दीडशे किलो. चांगलं कुजलेलं, कोरडं शेणखत पाच-सहाशे किलो. ओलं शेणखत नऊशेच्या आसपास. कोरडी वाळू सोळाशे. आणि भिजलेला मुरूम सतराशे किंवा त्याच्याही वर. बकेट एकच, पण त्यात काय भरलं त्यावर वजन बारापटीनं बदलतं. भाच्यानं अर्धा घनमीटर मुरूम घेतला, म्हणजे ८५० किलो. बकेट २३०. एकूण १०८०. पत्रकाप्रमाणे लोडर ८०० च्या वर जायलाच नको होता. डोळ्यांना अर्धं दिसणारं बकेट वजनानं दीडपट भरलेलं होतं.

आपल्याकडे मुरूम, वाळू ब्रासवर मोजतात. ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. भिजलेल्या मुरुमाचा एक ब्रास पावणेपाच टनांच्या पुढं जातो. अर्धा घनमीटर म्हणजे ब्रासचा पाचवा हिस्साही नाही. पण तो पाचवा हिस्सासुद्धा म्हशीच्या वजनाहून जास्त भरतो.

ज्यांना ही कोष्टकं नकोत त्यांच्यासाठी मिस्त्रीचाचांनी एक युक्ती सांगितली. पंधरा लिटरचा तेलाचा रिकामा डबा घ्या. जो माल भरायचा तो त्यात न ठोकता भरा आणि काट्यावर ठेवा. डब्याचं वजन वजा करा. पाणी भरलं तर पंधरा किलो होईल. बगॅस दोन किलो भरेल. भिजलेला मुरूम पंचवीस किलो. जे वजन येईल त्याला पंधरानं भागून हजारानं गुणलं की एका घनमीटरचं वजन निघालं. पाच मिनिटांचं काम आहे. बकेटवर शीग लावून भरणार असाल तर दहा-पंधरा टक्के आणखी धरा.

इथवर झालं ते उचलण्याचं. आता पेलण्याचं बोलू. लोडरनं वजन उचललं म्हणजे ट्रॅक्टरनं ते पेललं असं नाही, आणि माणसं दगावतात ती इथं.

भाच्याचा ट्रॅक्टर दोन टनांचा. मोकळा उभा असताना पुढच्या चाकांवर ८०० किलो, मागच्या चाकांवर १२०० किलो. पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर दोन मीटर. बकेटमधला माल पुढच्या चाकांच्या पुढं दीड मीटर. लोडरच्या हातांचं वजन सोपेपणासाठी सोडून देऊ. पुढचं चाक म्हणजे तराजूचा मधला काटा समजा. मागच्या पारड्यात १२०० गुणिले दोन, २४००. पुढच्या पारड्यात १०८० गुणिले दीड, १६२०. मागे शिल्लक उरली ७८०. त्याला दोननं भागलं तर मागच्या दोन्ही चाकांवर मिळून ३९० किलो. बाराशेचे तीनशे नव्वद! आणि पुढच्या चाकांवर? सगळं वजन ३०८०, त्यातून ३९० गेले, राहिले २६९०. आठशे किलोंची सवय असलेल्या अ‍ॅक्सलवर तिपटीहून जास्त ओझं. हा हिशेब सपाट जागेवर, ट्रॅक्टर उभा असतानाचा. उतार लागला, ब्रेक दाबला, चाक खड्ड्यात गेलं, की ते ३९० पण राहत नाहीत.

बहुतेक ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांना असतात. मागची चाकंच अधांतरी झाली तर ब्रेक दाबून उपयोग काय? भरलेलं बकेट घेऊन उतारावर ट्रॅक्टर घसरतो तो याच कारणानं.

आणखी एक गोष्ट मला माहीतच नव्हती, आणि ती कळली तेव्हा अंगावर काटा आला. ट्रॅक्टरला चाकं चार, पण तो उभा असतो तीन पायांवर. पुढचा अ‍ॅक्सल मधोमध एका पिनेवर झुलतो, म्हणजे रानातल्या उंचसखल जागेत पुढची दोन्ही चाकं जमिनीला टेकून राहतात. पण त्यामुळे ट्रॅक्टरचा आधार चौकोनी राहत नाही, त्रिकोणी होतो. मागची दोन चाकं हे दोन पाय, आणि पुढची मधली पिन हा तिसरा. घरातल्या तिवईसारखं. वजन मागे असेल तर ते त्रिकोणाच्या रुंद बाजूला असतं, धोका कमी. वजन जसजसं पुढं सरकतं तसतसं ते त्रिकोणाच्या अरुंद टोकाकडे जातं. त्यात बकेट उंच असेल तर थोडं कलंडलं तरी भार त्रिकोणाच्या बाहेर जातो. उतारावर, वळताना, बकेट वर असताना ट्रॅक्टर पुढं न पडता बाजूला पडतो, त्याचं कारण हे. भाच्याचं मागचं एक चाक उठलं, त्याचंही कारण हेच.

यावर उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे. मागे वजन अडकवायचं. काँक्रीटचा ठोकळा करून तीन दांड्यांना लावता येतो. भाच्यासाठी आम्ही हिशेब मांडला. ४०० किलोंचा ठोकळा, मागच्या चाकांच्या मागे सव्वा मीटरच्या थोडं आत, म्हणजे १.२ मीटरवर. पुढच्या चाकांपासून त्याचं अंतर ३.२ मीटर. मागच्या चाकांवर भर पडली ४०० ची नाही, ६४० ची. आणि पुढच्या चाकांवरचं ओझं २४० नं कमी झालं. चारशे किलो टाकून पुढचं वजन घटवायचं, हे मला कवितेपेक्षा सुंदर वाटलं. टायरमध्ये पाणी भरलं, चाकांना लोखंडी वजनं लावली, तरी मागची पकड वाढते, पण पुढचं ओझं कमी होत नाही, कारण ते वजन मागच्या चाकांवरच असतं, त्यांच्या मागे नसतं. म्हणून दोन्हींत फरक करायला हवा. आणि रोटाव्हेटर काढून, मागे काहीच न लावता लोडर चालवणं ही सगळ्यात वाईट सवय. त्या संध्याकाळी भाच्याच्या ट्रॅक्टरच्या मागे काहीच नव्हतं.

ठोकळा लावला म्हणजे १०८० किलो उचलायला मोकळे झालो असं मात्र नाही. ठोकळ्यानं तोल सांभाळला जातो, पुढच्या अ‍ॅक्सलची कुवत वाढत नाही. ती कंपनीच्या पुस्तकात बघायची आणि पुढच्या टायरमधली हवा पुस्तकात सांगितली आहे तेवढी ठेवायची.

लोडर घेणाऱ्याला, चालवणाऱ्याला चार गोष्टी सांगतो. घेताना चार प्रश्न विचारा. आकडा पिनेवरचा की पिनेच्या पुढचा? कुठल्या उंचीचा? बकेटचं वजन धरून की सोडून? आणि माझ्या ट्रॅक्टरचा पुढचा अ‍ॅक्सल एवढं पेलेल का? मागे किती वजन लावायचं हेही लिहून घ्या. उत्तर देता येत नसेल तर तो विक्रेता तुम्हाला लोडर विकतो आहे, क्षमता विकत नाही.

चालवताना भरलेलं बकेट जमिनीलगत ठेवून चालायचं, समोरचं दिसेल इतकंच वर. ट्रेलरजवळ गेल्यावर, सपाटीवर, उभं राहून वर घ्यायचं. रस्त्यावर दोन्ही ब्रेकची पेडलं पट्टीनं जोडून ठेवायची, नाहीतर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर फिरतो. मागचं काही हलकं वाटलं, स्टिअरिंग एकदम जड झालं, तर तो इशारा आहे. बकेट सावकाश खाली घ्या. बकेटमध्ये माणूस उभा करून नारळ काढणं, दिव्याचा बल्ब बदलणं बंद करा. उचललेल्या बकेटखाली उभं राहू नका. तेलाचा पाईप फुटायला निमित्त लागत नाही, आणि फुटल्यावर वेळ मिळत नाही. काम संपलं की बकेट जमिनीवर टेकवूनच खाली उतरा. आणि रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू कंपनीनं लावला तिथंच राहू द्या.

श्रोतेहो, हे सगळं मांडत असताना मला माझे अब्बा आठवत होते. ते बाजार समितीत हमाल होते. माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्रात १९६९ साली कायदा झाला, त्याच्या आधीपासून ते पाठीवर पोती वाहत. शंभर-शंभर किलोंची पोती. पोतं उचलण्याआधी ते त्याला हात लावत, थोडं हलवून बघत. आत शेंगा आहेत की ज्वारी, पोतं कोरडं आहे की ओल धरलेलं, हे त्यांना हाताला कळायचं. मग ते पाठीला पोतं अगदी चिकटवून घेत. मी लहानपणी विचारलं होतं, इतकं चिकटवून का घेता? ते म्हणाले, "जवळ घेतलं की ओझं कमी होतं." कळशीचा, पहारीचा, पिनेचा सगळा हिशेब त्या एका वाक्यात होता. मला तो कळायला पन्नाशी उलटावी लागली.

एकदा पावसात भिजलेलं पोतं त्यांनी नाकारलं होतं. व्यापारी चिडला. अब्बा म्हणाले, "पोतं तेच आहे मालक, आतलं वजन तेच नाही." त्या दिवशीची मजुरी गेली. पण पाठ वाचली. त्यांच्याबरोबरच्या एकानं ते पोतं उचललं, तो पुढं वर्षभर नीट उभा राहू शकला नाही.

माणसाला आपली कुवत आतून कळते. गुडघा थरथरतो, श्वास लागतो, पाठ बोलते. यंत्राला असं काही कळत नाही. त्याच्याजवळ असते ती एक झडप, आणि तिचाही स्क्रू आपण आवळतो. म्हणून यंत्राची कुवत आपल्यालाच कळून घ्यावी लागते, आणि ती पत्रकाच्या ठळक अक्षरात सापडत नाही. बारीक अक्षरात सापडते. गझल लिहिणारे आम्ही ओळीचं 'वजन' मोजतो. एक मात्रा जास्त झाली तर ओळ पडते, पण कुणाला इजा होत नाही. भाच्याच्या कामात तसं नाही.

भाच्यानं दाब पूर्वीवर आणून घेतला. अर्ध्या घनमीटरचं वेगळं बकेट घेतलं, आणि मोठ्या बकेटवर पांढऱ्या रंगानं स्वतःच लिहिलं, 'फक्त बगॅस'. आता मुरुमाच्या कामाला त्याला दोनऐवजी तीन फेऱ्या लागतात. लोक म्हणतात, तुझा लोडर हळू चालतो. तो हसतो आणि म्हणतो, "चालतो ना?"

त्या रात्री जेवायला न बसलेला मुलगा आता रोज वेळेवर घरी येतो. आपाला आणखी काय हवं?